मंगा व तिचीं परदेशस्थ भावंडें

एखाद्या वाङ्मयप्रकारावर मनुष्याचें मन जडलें म्हणजे प्रथम तो त्या प्रकारांतील सर्व चांगलें वाचून काढतो, मग बरेंवाईट सर्वच वाचूं लागतो, आणि शेवटीं त्या प्रकाराबाहेर वाचण्यासारखें जगांत कांहीं नाहीं अशी त्याची समजूत होऊन बसते. नाटकवेड्यांची ही गत आमच्या आजोबांच्या पिढीनें पाहिली. कादंबरीवेड्यांची आमच्या आईबापांनीं पाहिली. सांप्रतच्या तरुण पिढींत तें स्थान पुष्कळ अंशीं जपानी चित्रकथेनें, म्हणजे मंगानें, घेतलें आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझी भाची चार दिवस आमच्याकडे राहावयास आली होती. तिच्या पिशवींत कपडे थोडे व मंगाचे खंड पुष्कळ, अशी स्थिति होती. जेवतांना एक खंड डाव्या हाताशीं, निजतांना एक उशाशीं. मलाहि चित्रकथांचें वेड जुनेंच आहे. लहानपणीं इंद्रजाल कॉमिक्समधील मुखवटाधारी फँटम व अमर चित्रकथा यांवर मी वाढलों. तेव्हां मोठ्या उमेदीनें मीं कपाटांतून एक फ्रेंच व एक अमेरिकन चित्रकथा काढून तिच्यापुढें ठेवली. तिनें पांचदहा पानें चाळलीं व दोन्ही पुस्तकें नीट मिटून परत दिलीं. "मामा, ह्यांत नुसती गर्दी आहे, पान उलटावंसंच वाटत नाहीं," ती म्हणाली. "आणि हें सगळं मूळ जपानचंच ना? मग अस्सल सोडून नक्कल कशाला वाचायची?"

दोन्ही आक्षेपांस त्या वेळीं मला धड उत्तर देतां आलें नाहीं. पैकीं दुसरा आक्षेप इतिहासाचा आहे व पहिला रुचीचा; परंतु रुचीच्या मुळाशींहि बहुधा इतिहासच असतो, असें विचारांतीं दिसून आल्यावरून हा लेख लिहिण्यास प्रवृत्त झालों. तो जितका तिच्याकरितां आहे, तितकाच तिच्यासारख्या इतर वाचकांकरितां, आणि त्यांच्या हातांतील पुस्तकाकडे पाहून कपाळास आठ्या घालणाऱ्या वडीलधाऱ्यांकरितांहि आहे.

मंगा ही निव्वळ जपानी वस्तु आहे असें मानणारे तिची वंशावळ फार मागें नेतात. क्योतोच्या कोझानजी मंदिराचीं बाराव्या-तेराव्या शतकांतील चित्रगुंडाळ्यांत ससे व बेडूक माणसांसारखे कुस्ती खेळतात. तेथून आरंभ करून १८१४ सालीं ज्याचा पहिला भाग निघाला त्या होकुसाईच्या ‘मंगा’ नामक चित्रसंग्रहापर्यंत एक अखंड रेषा ओढली जाते. ही रेषा खोटी नाहीं, पण अपुरी आहे. होकुसाईच्या संग्रहांत पैलवान आहेत, पक्षी आहेत, भुतें आहेत, लाटा आहेत. मात्र एका चित्रापासून दुसऱ्या चित्राकडे जाणारी गोष्ट नाहीं. चित्रें दाखवून गोष्ट सांगण्याची चाल तर बहुतेक सर्व जुन्या देशांत होती. आमच्या कुडाळजवळच्या पिंगुळी गांवचे चित्रकथी रामायण-महाभारतांतील प्रसंगांचीं चित्रें एकामागून एक दाखवीत गाऊन कथा सांगत; जपानांत १९३० च्या सुमारास सायकलीवर लाकडी पेटी बांधून, मुलांना खाऊ विकून, चित्रें सरकवीत गोष्ट सांगणारे कामिशिबाईवाले गल्लोगल्लीं फिरत. त्यांच्यासाठीं चित्रें काढणारा शिगेरु मिझुकी पुढें मंगाकार म्हणून नांवाजला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. परंतु येथें चित्राशेजारीं सांगणारा मनुष्य उभा असे. तो गेला, त्याचे शब्द कागदावर उतरले, आणि चौकटीमागून चौकट अशी छापील पानावर कथा चालूं लागली, तेव्हां आजची चित्रकथा जन्मास आली. हें प्रथम जपानांत घडलें नाहीं.

तें घडलें जिनिव्हांत. तेथें रोदोल्फ टोपफर नांवाचा एक शाळामास्तर होता. बाप चित्रकार, यालाहि चित्रकारच व्हावयाचें होतें, पण डोळ्यांच्या दुखण्यानें तो मार्ग बंद झाला. तेव्हां स्वतःच्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांच्या करमणुकीसाठीं १८२७ पासून त्यानें रेघोट्यांच्या चित्रांतून विनोदी कथा रचण्यास आरंभ केला. त्या कथांच्या वह्या वृद्ध गटेच्या हातीं पडल्या व त्या महाकवीनें त्यांचें कौतुक केलें; त्या प्रोत्साहनानें पुढें त्या छापल्या गेल्या. आपल्या कथेंत चित्र शब्दावांचून अस्पष्ट राहतें व शब्द चित्रावांचून निरर्थक होतो, अशा आशयाचें विवेचन टोपफरनेंच करून ठेवलें आहे. आज टोकियोंतील कोणताहि मंगाकार याहून निराळें कांहीं सांगेल असें वाटत नाहीं.

जपानांत ही कला दोन दारांनीं शिरली. पहिलें दार योकोहामा बंदराचें. तेथें चार्ल्स वर्गमन या इंग्रजानें १८६२ सालीं ‘जपान पंच’ नांवाचें व्यंगपत्र काढलें. त्याचा परिणाम असा झाला कीं, व्यंगचित्राला जपानी भाषेंत ‘पोंची’ हाच शब्द रूढ झाला. त्यानंतर फ्रेंच चित्रकार जॉर्ज बिगो यानें १८८७ सालीं ‘तोबाए’ हें पत्र चालविलें. याच बंदरांतील एका इंग्रजी साप्ताहिकांत नांकिव्हेल नांवाच्या ऑस्ट्रेलियन चित्रकाराच्या हाताखालीं राकुतेन किताझावा हा तरुण तयार झाला. ‘मंगा’ हा शब्द आजच्या अर्थानें लोकांच्या तोंडीं बसविण्याचें श्रेय मुख्यतः त्याच्याकडे जातें. १९०५ सालीं त्यानें स्वतःचें पत्र काढलें. त्याचें नांव ‘टोकियो पक’, आणि हा ‘पक’ अमेरिकेंतील त्याच नांवाच्या व्यंगपत्रावरून उचललेला. दुसरें दार वर्तमानपत्रांचें. १९२३ सालीं ‘आसाही ग्राफ’ या पत्रांत जॉर्ज मॅक्मनस याची ‘ब्रिंगिंग अप फादर’ ही अमेरिकन चित्रमालिका जपानींत येऊं लागली, आणि त्याच पत्रांत त्याच वर्षीं ‘शोचान’ या मुलाच्या साहसांची जपानी मालिकाहि सुरू झाली. पात्राच्या तोंडून निघणारा शब्दांचा फुगा जपानी वाचकांच्या अंगवळणीं पडला तो या सुमारास.

मग ओसामु तेझुका आला. १९२८ सालीं जन्मलेल्या या मनुष्याच्या घरीं बापानें आणलेलें चलच्चित्रें दाखविण्याचें यंत्र होतें. लहानपण ज्या ताकाराझुका गांवीं गेलें तेथें मुलींचें प्रसिद्ध संगीत नाट्यगृह होतें. आणि डिस्नेचा ‘बँबी’ हा चित्रपट त्यानें किती वेळां पाहिला याची गणतीच नाहीं. वैद्यकीची पदवी मिळविणाऱ्या या तरुणानें १९४७ सालीं शिचिमा साकाई याच्या कथेवर ‘शिन ताकाराजिमा’, म्हणजे ‘नवें रत्नद्वीप’, हें पुस्तक काढलें. युद्धानें होरपळलेल्या ओसाकांत हलक्या कागदावर छापलेल्या या पुस्तकांत मोटार पानावरून धांवत येते ती चित्रपटांतल्यासारखी. मंगांतील ते प्रसिद्ध मोठे डोळेहि अमेरिकन चलच्चित्रांतल्या प्राण्यांचे व ताकाराझुकाच्या रंगभूमीवरील नट्यांचे वारस आहेत.

यावरून मंगा ही नक्कल आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. आमच्या कोंकणांतला हापूस पहा. त्याचें नांव पोर्तुगीज, त्याची कलमें बांधण्याची विद्या पोर्तुगिजांनीं वाढविलेली; पण खुंट येथला, माती येथली, आणि आज त्याला परका म्हणण्याची कोणाची छाती नाहीं. मंगा ही अशीच कलमी वस्तु आहे. खुंट जपानी, डोळा परदेशी, आणि फळ असें कीं दोहोंपैकीं कोणालाहि एकट्यानें तें धरलें नसतें. तेव्हां माझ्या भाचीच्या दुसऱ्या आक्षेपाचें उत्तर इतकेंच कीं, जी मंगा वाचते ती जगाची चित्रकथा आधींच वाचूं लागलेली आहे. ती फक्त एका खोलींत बसून वाचत आहे.

आतां पहिला आक्षेप. परदेशी पान गर्दीचें वाटतें व पुढें सरकत नाहीं, ही तक्रार मात्र खरी आहे. परंतु तिचें कारण चित्रकारांच्या नालायकींत नसून छापखान्याच्या व बाजाराच्या हिशेबांत आहे. जपानांत १९५९ सालीं मुलांचीं दोन मोठीं साप्ताहिकें एकाच दिवशीं निघालीं. १९६८ सालीं ‘शोनेन जंप’ निघालें व १९९० नंतरच्या दशकांत त्याचा खप एका अंकास ६५ लाखांवर गेला. अशा जाडजूड, स्वस्त, रद्दीच्या कागदावरील साप्ताहिकांत एका कथेस दर आठवड्यास वीसेक पानें मिळतात. वर्षाकाठीं हजारभर पानें हाताशीं असल्यावर तरवार म्यानांतून निघण्यास तीन पानें दिलीं तरी चालतें. पावसाचा एक थेंब, दारावरचा एक पडदा, रिकामा रस्ता, असें कांहीं न घडणारें चित्रहि काढतां येतें. स्कॉट मक्लाउड या अमेरिकन चित्रकारानें १९९३ सालीं चित्रकथेचें शास्त्र मांडतांना जपानी चित्रकथेचा हा विशेष चांगला दाखवून दिला आहे. उलट फ्रान्स-बेल्जममध्यें पुठ्ठाबांधणीचें, रंगीत, सुमारें ४८ पानांचें पुस्तक, तेंहि बहुधा वर्षास एक, अशी रूढि पडली. तेवढ्या जागेंत संपूर्ण कथा बसवावयाची, म्हणून एका पानावर दहाबारा चौकटी आल्या व प्रत्येक चौकटींत मागचें घर, रस्ता, दुकान, सर्व रेखलें गेलें. मंगा नजरेनें धांवत वाचावयाची असते. फ्रेंच पान घराच्या ओसरीवर बसून पाहावें तसें पाहावयाचें असतें. एकीच्या चालीनें दुसरी वाचूं गेल्यास गर्दी दिसणारच.

अमेरिकेची गोष्ट याहून वेगळी व थोडी दुःखाची आहे. तेथें १९५० च्या सुमारास चित्रकथांत गुन्हे, युद्ध, भय, प्रेम असे सर्व विषय होते. १९५४ सालीं फ्रेड्रिक वर्थाम या मानसवैद्यानें चित्रकथा मुलांस बिघडवितात असें प्रतिपादणारें पुस्तक लिहिलें, सिनेटच्या उपसमितीपुढें चौकशी झाली, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनीं स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली. तिच्या शिक्क्यावांचून अंक दुकानांत घेईनात. प्रौढांचे विषय संपले. पुढें वाढले ते मुख्यतः झगझगीत पोषाखाचे महावीर. जपानांतहि आईबापांनीं व शिक्षकांनीं ओरड केली, परंतु तेथें वाचक जसजसा वाढत गेला तसतशी चित्रकथाहि त्याच्याबरोबर वाढत गेली. १९५७ सालीं योशिहिरो तात्सुमी यानें मोठ्यांच्या गंभीर चित्रकथेस ‘गेकिगा’ हें वेगळें नांवहि दिलें. तरुण वाचक आज मंगांत जी विषयांची विपुलता पाहतात तिचें निम्में कारण जपानी प्रतिभा, व निम्में कारण तेथें न झालेली ही कोंडी.

एवढी पार्श्वभूमि ध्यानांत घेऊन मग कोणतीं पुस्तकें हातीं घ्यावींत? उत्तम पुस्तकांची यादी करणें हें दुकानदाराचें काम आहे. मी फक्त तींच सांगतों, ज्यांचें मंगाशीं रक्ताचें वा मनाचें नातें आहे.

ज्यांस मियाझाकीचीं आकाशांतून फिरणारीं स्वप्नें आवडतात त्यांनीं प्रथम विन्सर मॅके याचा ‘लिटल नीमो’ पाहावा. १५ ऑक्टोबर १९०५ पासून ‘न्यूयॉर्क हेरल्ड’च्या रविवारच्या अंकांत हें अख्ख्या पानाचें स्वप्न येऊं लागलें. प्रत्येक पानाच्या शेवटीं मुलगा अंथरुणांत जागा होतो. परंतु त्याआधीं काय घडेल याला मर्यादा नाहीं. १९०८ मधील एका पानावर त्याच्या पलंगाचे पाय लांबत जातात, पलंग घरांच्या छपरांवरून चालूं लागतो, आणि पायांबरोबर चौकटीहि उंच उंच होत जातात. चौकट ही नुसती सीमा नसून तिच्या आकारांतहि अर्थ भरतां येतो, हें इतक्या लवकर इतक्या सहजपणें कोणी दाखविलें नव्हतें. या नीमोवर पुढें टोकियोंतच चित्रपट काढण्याचें घाटलें. आरंभीं मियाझाकी व ताकाहाता हे दोघेहि त्या कामांत होते, ते बाहेर पडले, आणि चित्रपट १९८९ सालीं पुरा झाला.

त्यापुढची पायरी मोबियस, म्हणजे फ्रेंच चित्रकार झाँ जिरो. १९७५ सालीं त्यानें ‘आर्झाक’ ही चित्रकथा काढली. तींत एक शब्द नाहीं. एक पुरुष एका पुराणकालीन पक्ष्यावर बसून ओसाड प्रदेशांवरून जातो. कोठून, कशासाठीं, कांहीं सांगितलेलें नाहीं. कात्सुहिरो ओतोमोच्या ‘अकिरा’तील नगराची बारीक, थंड, निर्विकार रेषा जिला आवडते तिला या रेषेचें मूळ येथें सांपडेल. मियाझाकीनेंहि १९८२ सालीं सुरू केलेल्या ‘नाउसिका’वर मोबियसचें ऋण असल्याचें मान्य केलें, उलट मोबियसनें आपल्या मुलीचें नांवच नाउसिका ठेवलें. दोन कलावंतांतील ऋणाची याहून गोड फेड माझ्या पाहण्यांत नाहीं.

सामुराईंच्या कथांत रमणाऱ्यांस सर्वांत सोपें दार स्टॅन साकाई याच्या ‘उसागी योजिम्बो’चें. साकाई क्योतोंत जन्मला, हवाईंत वाढला. मियामोतो मुसाशी या इतिहासप्रसिद्ध खड्गवीरावर त्याला कथा काढावयाची होती. सहज चाळा म्हणून त्यानें एका सशाचे कान शेंडीसारखे वर बांधले, तें चित्र त्यालाच आवडलें, आणि १९८४ पासून हा ससा सतराव्या शतकाच्या जपानांत पायीं भटकत आहे. ससा असला तरी या कथांतील पतंग करणारे, कुंभार, शेतकरी यांच्या जीवनाचे तपशील मोठ्या आदरानें दिलेले असतात. देवाणघेवाण उलट बाजूनेंहि झाली. कोइके व कोजिमा यांची ‘लोन वुल्फ अँड कब’ ही १९७० ते १९७६ मधील मालिका फ्रँक मिलर या अमेरिकन चित्रकारास इतकी भावली कीं, त्यानें १९८३ सालीं ‘रोनिन’ लिहिली, आणि १९८७ सालीं मूळ मालिका इंग्रजींत आली तेव्हां तिचीं मुखपृष्ठें काढून दिलीं.

येथवरचीं पुस्तकें आनंदाचीं झालीं. परंतु ज्या देशावर आपलें प्रेम आहे त्याच्याकडे शेजाऱ्याच्या डोळ्यांनींहि एकदां पाहावें, म्हणून एर्जे या बेल्जन चित्रकाराचें ‘निळें कमळ’ हें टिनटिनचें पुस्तक मी मुद्दाम सांगतों. एर्जेचीं आधींचीं पुस्तकें, विशेषतः काँगोविषयींचें, परक्या लोकांबद्दलच्या अज्ञानानें भरलेलीं होतीं. १९३४ सालीं ब्रसेल्समध्यें चित्रकला शिकणाऱ्या चँग चाँग-जेन या चिनी तरुणाशीं त्याची ओळख झाली. चीन म्हणजे काय, तेथें काय चाललें आहे, हें चँगनें त्याला समजावून दिलें. पुस्तकांतील भिंतींवरच्या पाट्यांची व घोषणांची चिनी अक्षरें चँगच्याच हातचीं आहेत. १९३१ सालीं मुकदेनजवळ लोहमार्गावर घडवून आणलेल्या स्फोटाचें निमित्त करून जपानी सैन्य मांचुरियांत कसें शिरलें, हें या मुलांच्या पुस्तकांत उघड दाखविलें आहे. जपानी वकिलातीनें त्याबद्दल तक्रारहि केली. मात्र न्यायाची गोष्ट अशी कीं, चिनी माणसांस माणसाप्रमाणें चितारणाऱ्या एर्जेनें जपान्यांस पुढें आलेल्या दातांचे राक्षस करून सोडलें. एक अज्ञान दूर करतांना दुसऱ्यास थारा मिळतो, हा धडाहि याच पुस्तकांतून शिकण्यासारखा आहे.

अमेरिकेंतील कोंडीच्या ऐन वेळीं निघालेली एक आठ पानांची कथा येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ‘मास्टर रेस’ हें तिचें नांव. १९५५ सालीं ‘इंपॅक्ट’ नांवाच्या नियतकालिकांत ती आली. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेंत बसलेल्या एका मनुष्यास समोर एक ओळखीचा चेहरा दिसतो, आणि त्याबरोबर नाझी छळछावणीची आठवण उसळते. प्रकाशकानें सहा पानें दिलीं होतीं; चित्रकार बर्नार्ड क्रिगस्टाइन यानें हट्टानें आठ करून घेतलीं व चौकटी चिरून चिरून क्षणाचे तुकडे केले. धांवत्या गाडीच्या खिडकींतील एकच चेहरा ओळीनें अनेकदां उमटतो, आणि गाडीचा वेग कागदावर उभा राहतो. मंगांत क्षण लांबविण्याची जी युक्ति वाचकास नित्याची वाटते, ती येथें जागेच्या टंचाईंतून, जवळजवळ चोरून साधलेली दिसते. तें नियतकालिक त्याच वर्षीं बंद पडलें.

ज्यांस जगबुडीच्या व राक्षसांच्या मंगांचें आकर्षण आहे त्यांनीं अर्जेंटिनाचें ‘एल एतेर्नाउता’ वाचावें. १९५७ ते १९५९ या काळांत एक्तोर ऑस्टरहेल्ड यानें ती कथा लिहिली व फ्रान्सिस्को सोलानो लोपेझ यानें चितारली. ब्वेनोस आयरेस येथील एका घरीं चार मित्र पत्ते खेळत बसले आहेत. बाहेर बर्फ पडूं लागतें, आणि त्या बर्फाचा स्पर्श झाला कीं मनुष्य मरतो. परग्रहावरून आलेल्या शत्रूशीं लढणारा येथें कोणी एक महावीर नाहीं. शेजारीपाजारी, कामगार, प्राध्यापक मिळून लढतात. वीस वर्षांनीं लेखकाच्या आयुष्यांत जें घडलें तें कथेहून भयंकर होतें. १९७६ सालीं देशांत लष्करी सत्ता आली. १९७७ सालीं ऑस्टरहेल्डला उचलून नेण्यांत आलें, त्याच्या चारहि मुली त्या काळांत नाहींशा झाल्या, आणि त्याचा पुढें पत्ता लागला नाहीं. लहान मुलांची म्हणून हिणविली जाणारी ही कला सत्ताधाऱ्यांस कशी बोचूं शकते याचा याहून वेगळा पुरावा नको.

आणि आतां तीं दोन पुस्तकें, ज्यांच्यासाठीं हा सारा खटाटोप. त्यांतलें एक जपानी आहे. केइजी नाकाझावा सहा वर्षांचा होता तेव्हां ६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमावर अणुबाँब पडला. शाळेच्या भिंतीच्या आडोशामुळें तो वांचला, बाप व भावंडें गेलीं. पुढें १९६६ सालीं आई वारली, आणि दहनानंतर तिच्या अस्थिहि धड शिल्लक राहिल्या नाहींत. त्या संतापांतून त्याची बाँबवरील चित्रकथा निघाली, व १९७३ सालीं ‘शोनेन जंप’सारख्या मुलांच्या साप्ताहिकांत ‘हादाशी नो गेन’, म्हणजे ‘अनवाणी गेन’, सुरू झाली. दुसरें अमेरिकन. आर्ट स्पीगलमन याचे आईबाप आउश्विट्झमधून वांचलेले पोलिश यहुदी. बापाला प्रश्न विचारून, त्याचें बोलणें टिपून घेऊन, १९८० पासून त्यानें ‘माउस’ ही चित्रकथा लिहिली. यहुदी उंदीर, जर्मन मांजरें. पहिला खंड १९८६ सालीं, दुसरा १९९१ सालीं निघाला, आणि १९९२ सालीं तिला पुलित्झर समितीचें विशेष पारितोषिक मिळालें. गेनच्या इंग्रजी आवृत्तीस प्रस्तावना लिहिणारा हाच स्पीगलमन. एक पुस्तक ओरडतें, दुसरें हळू बोलतें. एकांत मुलगा स्वतः जळणारें शहर पाहतो, दुसऱ्यांत मुलगा बापाच्या तोंडून ऐकतो व बापावर चिडतोहि. दोन्ही शेजारीं ठेवून वाचलीं म्हणजे चित्रकथा कोणत्या देशाची हा प्रश्न मनांतून आपोआप गळून पडतो.

या दोन पुस्तकांच्या नशिबांतहि साम्य आहे. २०१२ च्या डिसेंबरांत जपानच्या मात्सुए शहरांतील शिक्षणाधिकाऱ्यांनीं शाळांच्या ग्रंथालयांतून गेन मुलांच्या हातीं सहज पडूं नये अशी व्यवस्था केली. गवगवा झाल्यावर २०१३ च्या ऑगस्टांत ती मागें घेतली. २०२२ च्या जानेवारींत अमेरिकेंतील टेनेसी राज्याच्या एका जिल्ह्याच्या शाळामंडळानें कांहीं शिव्या व एका नग्न चित्राचें कारण दाखवून माउस अभ्यासक्रमांतून काढलें. ज्या पुस्तकांनीं मुलांना सत्य सांगावें तींच मुलांच्या नांवानें दूर ठेवावयाचीं, असा हा प्रकार. आमच्याकडे बंदी घालण्याइतकेंहि या पुस्तकांकडे कोणी लक्ष देत नाहीं. एका ग्रंथालयांत माउसची प्रत मीं पाहिली, ती बालविभागांत, रंगविण्याच्या पुस्तकांशेजारीं होती. मीं ती मोठ्यांच्या फळीवर ठेवण्याची विनंति केली. चित्रें असल्यामुळें तिची जागा तीच, असें उत्तर मिळालें.

हें उत्तर ज्यांस योग्य वाटत असेल त्यांनीं घरचेंच एक पुस्तक पाहावें. २०११ सालीं निघालेल्या ‘भीमायन’ या चित्रकथेंत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यांतील प्रसंग आहेत. लहान भीमराव साताऱ्याहून वडिलांकडे निघतो; मसूर स्टेशनवर मुलांची जात कळतांच गाडीवाला मिळेना, पाणी मिळेना; पुढें बडोद्यास राहावयास खोली मिळेना; आणि १९२७ सालीं महाडचें चवदार तळें. मजकूर श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांचा, चित्रें दुर्गाबाई व सुभाष व्याम या मध्यप्रदेशांतील परधान गोंड दांपत्याचीं. चौकटींत माणसें कोंडणें व्यामांस रुचलें नाहीं. म्हणून येथें चौकटीच नाहींत, त्यांच्या घराच्या भिंतींवरील नक्षीच्या वळणदार पट्ट्या पानावरून वाहत जातात. सौम्य बोलणें पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यांत आहे. दुष्ट बोलण्याच्या फुग्यास विंचवाची नांगी आहे. मंगांतील फुग्याचे निरनिराळे आकार ओळखण्यांत तरबेज असलेल्या वाचकास हें एका दृष्टिक्षेपांत कळेल. आम्हां मोठ्यांस तें समजावून घ्यावें लागतें.

माझी भाची परत जाण्यास निघाली तेव्हां मीं तिच्या पिशवींत न विचारतां दोनच पुस्तकें सरकविलीं, भीमायन आणि माउसचा पहिला खंड. व एवढेंच सांगितलें कीं, हीं मंगासारखीं भरभर वाचूं नको. तीन आठवडे कांहीं कळलें नाहीं. मग एका रात्रीं उशीरा तिचा फोन आला. "मामा, त्याचे बाबा शेवटी त्याला सांगतात ना, आईच्या वह्या जाळून टाकल्या म्हणून," ती म्हणाली, आणि थोडा वेळ कांहीं बोललीच नाहीं. नंतर म्हणाली, "दुसरा खंड पाठव."

तो पाठविला आहे. पानांच्या मध्यें कोठें कोठें तिचा हात थांबेल, हें मला ठाऊक आहे. कारण त्याच पानांवर माझाहि थांबला होता. ग्रंथालयांतली ती प्रत मात्र अजून बालविभागांतच आहे. वाचकांपैकीं ज्यांचें आपापल्या गांवच्या ग्रंथालयांत कांहीं वजन असेल, त्यांनीं एकदां जाऊन अशीं पुस्तकें कोणत्या फळीवर आहेत तें पाहावें, आणि मुळींच नसलीं तर मागवावींत, एवढी माझी विनंति आहे.